बाटलीवर नसलेली नावं

परफ्यूमच्या काउंटरवर अलीकडे आलेल्या पुरुषांच्या नव्या बाटल्या ओळीने हुंगत गेलं, तर दोन-चार सोडून सगळ्या एकाच घरातल्या वाटतात. फवारल्याबरोबर बर्गमॉटचा आंबट-कडू भपकारा, मागोमाग मिरी, आणि तासाभराने ब्लॉटर, म्हणजे वास घ्यायची कागदी पट्टी, पुन्हा नाकाशी नेला की तळाशी तोच कोरडा, किंचित खारट, लाकडी वास. हा अ‍ॅम्ब्रॉक्सन. २०१५ साली फ्रान्स्वा दमाशीने डिओरसाठी ‘सोवाज’ केलं, ते जगभर तुफान खपलं आणि बाकीचे त्याच वाटेने निघाले. पण अ‍ॅम्ब्रॉक्सनचा जन्म काही तेव्हाचा नाही. देवमाशाच्या पोटात तयार होणाऱ्या अंबराचा जो वास, त्याच्या गाभ्यातला हा रेणू. १९५०च्या सुमारास जिनिव्हातल्या रसायनशास्त्रज्ञांनी तो क्लॅरी सेज या झुडपातल्या द्रव्यापासून बनवला. म्हणजे आज ‘नवा’ म्हणून विकला जाणारा वास माझ्या वयाच्या आसपासचा आहे.

माझी सगळी नोकरी मुंबईत सुगंधी कंपाउंड बनवणाऱ्या प्रयोगशाळेत झाली. काम इव्हॅल्युएटरचं. बाजारात आलेला नवा परफ्यूम ब्लॉटरवर घ्यायचा, टॉप नोट उडून जाईपर्यंत थांबायचं, मधला भाग नोंदवायचा, दुसऱ्या दिवशी कागदावर काय उरलं ते बघायचं आणि आमच्या परफ्यूमरला सांगायचं, यात नवीन काय आहे. हे करता करता माझं एक मत पक्कं झालं. सुगंधाच्या धंद्यात खरोखर नवं जे आलं ते बहुतेक वेळा रसायनशास्त्रज्ञाच्या टेबलावरून आलं, आणि बाटलीवर त्याचं नाव कधीही छापलं गेलं नाही. तिथे कपडे शिवणाऱ्या घराण्याचं नाव असतं, नटीचं असतं. अलीकडे निदान परफ्यूमरचं नाव जाहिरातीत सांगू लागलेत. रेणू शोधणारा मात्र अजून बाहेरच उभा आहे.

सुरुवात कूमरिनपासून करावी लागते. कापलेलं गवत शेतात वाळायला लागलं की जो गोडसर वास सुटतो, तो कूमरिनचा. विल्यम हेन्री पर्किनने १८६८ साली ते प्रयोगशाळेत बनवलं. हा तोच पर्किन, ज्याने त्याआधी जांभळा कृत्रिम रंग शोधून कापडधंदा बदलून टाकला होता. पुढे १८८२ साली पॉल पार्केने हुबिगां या पेढीसाठी ‘फुजेर रॉयाल’ केलं आणि त्यात कृत्रिम कूमरिन वापरलं. लॅव्हेंडर, कूमरिन आणि ओकच्या झाडावरचं शेवाळ हा त्याचा सांगाडा. न्हाव्याच्या दुकानातल्या आफ्टरशेव्हपासून दाढीच्या साबणापर्यंत आपण ज्याला ‘पुरुषी वास’ म्हणतो, तो निम्म्याहून अधिक या सांगाड्यावर उभा आहे. जर्मनीत टीमान आणि हारमान यांनी १८७४ साली व्हॅनिलिन बनवलं होतं, ते १८८९च्या ‘जिकी’ या परफ्यूममध्ये आलं. त्याच्या आदल्याच वर्षी आल्बर्ट बाउर नावाचा रसायनशास्त्रज्ञ टीएनटीच्या जातीच्या स्फोटकांवर काम करत होता. हाती लागलेल्या पदार्थाला चक्क कस्तुरीचा वास निघाला. दारूगोळ्याच्या संशोधनातून निघालेलं हे कस्तुरीचं कुळ पुढे कित्येक दशकं जगातल्या उंची परफ्यूममध्ये राहिलं आणि मग सुरक्षिततेच्या कारणाने मागे पडलं.

‘शनेल नंबर फाइव्ह’ची कथा सगळ्यांना ठाऊक असते: १९२१ साल, कोको शनेल, अर्न्स्ट बो हा मॉस्कोत घडलेला परफ्यूमर आणि त्याने त्यात सढळ हाताने घातलेले अल्डिहाइड. माझ्यासमोर पहिल्यांदा सी-१२ अल्डिहाइडची बाटली उघडली गेली तेव्हा हे कुणी अंगाला लावेल यावर माझा विश्वास बसेना. निव्वळ स्वरूपात तो मेणचट, तेलकट, नाकात चढणारा वास आहे. त्याचं पातळ द्रावण करून ते जाई-गुलाबाच्या मिश्रणात थेंबभर घातलं की फुलं एकदम उजळतात. धुऊन उन्हात वाळवलेल्या कपड्यांचा ताजेपणा येतो. अल्डिहाइड वापरणारा बो काही पहिला नव्हता. १९१२च्या ‘केल्क फ्लर’मध्ये ते आलेलं होतं. बोचं धाडस मात्रेत होतं. आपल्या मुंबईत एस. एच. केळकर कंपनी सुरू झाली ती १९२२ साली, म्हणजे या परफ्यूमहून एका वर्षाने धाकटी. हा धंदा आपल्याकडे काल-परवा आला असं समजणाऱ्यांना मी हे आवर्जून सांगते.

१९६६च्या ‘ओ सोवाज’मध्ये एदमाँ रुदनित्स्काने हेडिओन वापरलं. एदुआर दमोलने फिर्मेनिख या कंपनीच्या प्रयोगशाळेत जाईच्या तेलाचा अभ्यास करताना काढलेला रेणू तो. एकटा हुंगला तर जेमतेम जाणवतो, पण मिश्रणात गेला की दोन वासांच्या मधे हवा खेळू लागते. आज हेडिओन नसलेला परफ्यूम शोधावा लागेल.

माझ्या सगळ्यात जवळचा रेणू मात्र डायहायड्रोमिर्सिनॉल. ओठ वाकडे करायला लावणारं नाव आणि अगदी स्वस्त माल. लिंबू, लॅव्हेंडर आणि थंडगार धातू यांच्या मधला कुठलासा वास. साबण आणि कपडे धुण्याच्या पावडरीत तो आधी रुजला, कारण तिथल्या क्षारातही तो टिकतो. मग १९८२च्या ‘द्राक्कार न्वार’मध्ये तो भरपूर आला आणि १९८८ साली प्येर बूर्दाँने ‘कूल वॉटर’मध्ये त्याची मात्रा आणखी वाढवली. मोरीतल्या साबणाचा वास काचेच्या निळ्या बाटलीत बसून पॅरिसच्या दुकानात गेला. आणि तिथून परत आमच्याकडे आला! डिओडरंट, शेव्हिंग क्रीम, टाल्कम पावडर बनवणाऱ्यांच्या ब्रीफवर, म्हणजे मागणीच्या कागदावर, एकच वाक्य असायचं: असाच वास हवा, पण इतक्या रुपयांत. आमचा परफ्यूमर महागडं काढून स्वस्त भरत बसे आणि मी दर नमुन्याला मूळ बाटलीशेजारी ठेवून नाक लावी. लोक समजतात की उंची परफ्यूम वरून खाली झिरपतो. माझ्या अनुभवात वाहतूक दोन्ही बाजूंनी चालते, आणि खालून वर गेलेल्या गोष्टीचं श्रेय कुणी देत नाही. हे माझ्या मनाला लागतं.

नव्वदीत दोन वास आले. १९९२च्या ‘लो दिस्से’मध्ये कॅलोन होतं, फायझर या औषध कंपनीत १९६६ साली सापडलेला हा रेणू कलिंगड आणि समुद्राचा वारा एकाच वेळी आठवून देतो. त्याच वर्षी ऑलिव्हिए क्रेस्पने ‘एंजल’मध्ये इथाइल माल्टॉल पॅचुलीच्या मातकट तेलाच्या जोडीला घातलं. इथाइल माल्टॉल म्हणजे जत्रेतले म्हातारीचे केस, जळत आलेल्या साखरेचा वास. खाण्याच्या पदार्थांतला हा माल अंगाला लावायच्या परफ्यूममध्ये इतका घालायची हिंमत तोवर कुणी केली नव्हती. आज बायकांच्या नव्या परफ्यूमच्या रांगेत जे कॅरॅमल, प्रालिन, व्हॅनिला दरवळतं, ते सगळं ‘एंजल’चं गोत्र. बहुतेकांनी साखर घेतली, पॅचुलीचा कडवटपणा मात्र सोडला, म्हणून ते तासाभरात कंटाळवाणे होतात.

दुसरीकडे जुने वास काढून घेतले जाताहेत. युरोपात १ मार्च २०२२पासून लिलिअलवर बंदी आली. ‘लिली ऑफ द व्हॅली’ या फुलाचा तो स्वच्छ, पांढरा वास असंख्य परफ्यूममध्ये होता. ओकच्या शेवाळातले त्वचेला त्रास देणारे घटकही असेच गेले. नाव तेच, खोका तोच, आतलं मिश्रण नव्याने जुळवलेलं. त्वचेचा प्रश्न खरा आहे, त्यामुळे बंदीवर माझा राग नाही. पण खोक्यावर ‘मिश्रण बदललं आहे’ एवढी एक ओळ छापायला हवी. तीस वर्षं एकच परफ्यूम वापरणाऱ्या बाईला आपलं नाक बिघडलं असं वाटून घ्यायची वेळ येऊ नये.

सध्या मी नव्या बाटल्यांमध्ये शोधते ते क्लिअरवुड. २०१४ साली आलेला हा पदार्थ उसाची साखर आंबवून, सूक्ष्मजीवांकडून करवून घेतात. पॅचुलीचा लाकडी वास त्यात आहे, मातीचा कुबटपणा नाही. काउंटरवर तो कळत नाही. ब्लॉटरवर परफ्यूमचं नाव आणि तारीख लिहा, पर्समध्ये टाकू नका, कारण तिथे सगळे वास एकमेकांत मिसळतात. घरी नेऊन उघड्यावर ठेवा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, चहाच्या आधी, हुंगा.