एका अध्यादेशाची दहा वर्षे

कवीचे निधनवर्ष ही वाङ्मयेतिहासात केवळ चरित्रातील एक नोंद असते. स्वामित्वहक्काची कालगणना मात्र तेथूनच सुरू होते. रवींद्रनाथ ठाकूर आणि भा. रा. तांबे हे दोघेही १९४१ साली निवर्तले. १९५७ च्या कायद्यातील मूळ तरतुदीनुसार त्यांच्या हयातीत प्रकाशित झालेले वाङ्मय पन्नास वर्षांनी, म्हणजे १ जानेवारी १९९२ रोजी, मुक्त व्हावयाचे होते. रवींद्रनाथांचे हक्क विश्वभारतीकडे होते. ते संपुष्टात येण्याच्या बेतात असताना डिसेंबर १९९१ च्या अखेरीस अध्यादेश निघाला आणि १९९२ च्या दुरुस्तीने मुदत ६० वर्षांची झाली. रवींद्रनाथांच्या निमित्ताने झालेल्या या बदलात तांबेही ओघानेच आले. त्यांची कविता २००२ च्या आरंभी मुक्त झाली.

प्रश्न दहा वर्षांच्या विलंबापुरताच राहिला नाही. जी परदेशी कृती १ जानेवारी १९९६ रोजी स्वदेशात संरक्षित होती, तिला अमेरिकेच्या १९९४ च्या कायद्याने तेथेही संरक्षण बहाल केले. १९७८ पूर्वीच्या अशा कृतींबाबत ते प्रकाशनापासून ९५ वर्षांचे असते. अध्यादेश निघाला नसता, तर त्या दिवशी तांब्यांची कविता भारतात मुक्तच असती. तो निघाल्यामुळे १९३५ साली प्रथम प्रकाशित झालेली त्यांची एखादी रचना भारतात मुक्त, तर अमेरिकेत २०३० अखेरपर्यंत संरक्षित ठरते.

विकिस्रोतासारख्या सहयोगी ग्रंथालयापुढील पेच येथे उद्भवतो. त्याची चालक संस्था अमेरिकन असल्याने पुण्यातील स्वयंसेवकाने उतरविलेल्या संहितेलाही तेथील कायद्याचा विचार करावा लागतो. समीक्षेसाठी न्याय्य वापराची मुभा येथे पुरत नाही. आपल्या कायद्याच्या कलम ५२ मधील ही मुभा हेतूशी बांधलेली आहे. सहयोगी प्रकल्प मात्र आपली संहिता कोणालाही, व्यापारी कारणासाठीही, वापरू देतो. समीक्षकाला मिळालेली सवलत पुढच्या वापरकर्त्याकडे आपोआप संक्रमित होत नाही.

म्हणूनच सूचिकार्याला नवे महत्त्व येते. तीच कविता १९२०-२९ या दशकात एखाद्या नियतकालिकात छापली गेली होती असे दाखविता आले, तर अमेरिकेतील तिचे बंधनही संपलेले असते. रचनेच्या प्रथम प्रकाशनाचा शोध आपण आजवर पाठचिकित्सेचा भाग मानला. आता ती कविता सामूहिक संहितेत घेता येईल की नाही, हेही त्याच शोधावर अवलंबून आहे.