सापळ्याचं कूळ

अकलूजच्या एसटी स्टँडसमोर सकाळच्या चहाबरोबर बातमी पसरते, ‘अमक्याला अँटीकरप्शननं धरलं.’ दुसऱ्या दिवशीच्या पेपरात तीच ‘लाच घेताना रंगेहाथ पकडले’ अशी छापून येते. हा ‘रंगेहाथ’ इथे अगदी शब्दशः खरा असतो. हात रंगतो, गुलाबी होतो. त्या गुलाबी रंगामागे बराच मोठा इतिहास आहे आणि तो लाच कशी लिहिली गेली इथपासून सुरू होतो.

होय, लाच लिहिली जात असे. पेशवाईच्या अखेरीस गावच्या आणि परगण्याच्या हिशेबात ‘दरबारखर्च’ नावाचं कलम असे. त्यालाच ‘अंतस्थ’ही म्हणत. कारभाऱ्यांना आणि हिशेब तपासणाऱ्यांना गुपचूप द्यायचा तो पैसा. ब्रिटिश अधिकारी एल्फिन्स्टनने 1819 च्या आपल्या अहवालात याची नोंद केली आहे. मला यात सर्वांत जास्त टोचतं ते हे, की गुपित म्हणून दिलेली रक्कम खर्चाच्या बाजूला नीट मांडली जाई आणि शेवटी ती रयतेच्या माथी पडे. देणाऱ्याने तक्रार करायची सोय नव्हती, कारण ते देणं रिवाज होऊन बसलं होतं.

1860 च्या भारतीय दंड संहितेने कलम 161 मध्ये लाच घेणं हा गुन्हा ठरवला. पण गुन्हा ठरवणं वेगळं आणि तो शोधायला माणसं नेमणं वेगळं. माणसं नेमली गेली ती दुसऱ्या महायुद्धात. सैन्याला कापड, धान्य, लाकूड, यंत्रं पुरवण्याचे कोट्यवधींचे ठेके निघाले आणि त्यांच्यामागून लाचही आली. म्हणून 1941 मध्ये ‘स्पेशल पोलीस एस्टॅब्लिशमेंट’ उभी राहिली. तिचं मुख्यालय लाहोरला होतं. युद्ध संपलं, पण हे पथक मोडलं नाही. 1946 मध्ये त्यासाठी स्वतंत्र कायदा झाला, ‘दिल्ली विशेष पोलीस आस्थापना कायदा’. 1 एप्रिल 1963 ला याच पथकाचं सीबीआय झालं आणि डी. पी. कोहली पहिले संचालक झाले. आजही सीबीआयला तपासाचा अधिकार मिळतो तो त्या 1946 च्या कायद्यातूनच. राज्याच्या हद्दीत पाऊल टाकायचं तर राज्य सरकारची संमती लागते, तीही त्याच कायद्याच्या कलम 6 मुळे. महाराष्ट्राने ही सर्वसाधारण संमती ऑक्टोबर 2020 मध्ये काढून घेतली आणि 2022 मध्ये पुन्हा दिली.

आपल्याकडचं खातं वेगळं. मुंबई राज्यात 1957 मध्ये जे उभं राहिलं, तोच आजचा लाचलुचपत प्रतिबंधक विभाग. वर महासंचालक, खाली आठ परिक्षेत्रं, त्याखाली जिल्ह्याचं पथक. सोलापूर पुणे परिक्षेत्रात येतं. अकलूजच्या माणसाच्या दृष्टीने वाटणी सोपी आहे. तलाठी, ग्रामसेवक, पोलीस यांनी पैसे मागितले तर सोलापूरचं पथक. पोस्ट, रेल्वे किंवा राष्ट्रीयीकृत बँकेतल्या माणसाने मागितले तर सीबीआय. आणि ऊसपट्ट्यात फारसं कुणाला माहीत नसलेली एक गोष्ट: 1988 च्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याने सरकारी अर्थसाहाय्य घेतलेल्या शेती, उद्योग, व्यापार वा बँकिंगमधल्या सहकारी संस्थांच्या पदाधिकाऱ्यांनाही ‘लोकसेवक’ मानलं आहे.

आता सापळा. तक्रारदार येतो. आधी पडताळणी होते, पंचांसमक्ष. मागणी खरोखर होते का, ते व्हॉइस रेकॉर्डरवर टिपतात. पंच दुसऱ्या एखाद्या सरकारी कार्यालयातले असतात. मग तक्रारदाराच्या नोटांचे नंबर पंचनाम्यात एकेक करून उतरवतात. नोटांना पावडर लावून त्या त्याच्या खिशात ठेवतात. ठेवणारा हात दुसऱ्याचा असतो, तक्रारदाराने त्यांना आधी शिवायचं नाही. त्याला बजावून सांगतात, ‘मागितल्याशिवाय द्यायचे नाहीत.’ पैसे दिले की ठरलेली खूण करायची, डोक्यावरून हात फिरवायचा किंवा रुमाल काढायचा. पथक आत शिरतं. काचेच्या भांड्यात सोडियम कार्बोनेटचं पाणी, अगदी साध्या पाण्यासारखं. त्यात लाच घेणाऱ्याची बोटं बुडवतात आणि पाणी गुलाबी होतं.

ही पावडर म्हणजे फिनॉल्फ्थॅलीन. 1871 मध्ये आडोल्फ फॉन बायर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने ती तयार केली. शाळेच्या प्रयोगशाळेत आम्ल-अल्कली ओळखायला वापरतात तीच. महाराष्ट्रात अँथ्रासीनही वापरतात. ती पावडर हाताला लागली की अतिनील दिव्याखाली निळसर चमकते. सत्तरच्या दशकात रघबीर सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की अशा नोटांना फिनॉल्फ्थॅलीन लावावं, म्हणजे निव्वळ तोंडी साक्षीवर विसंबावं लागणार नाही. गुलाबी पाणी बाटलीत भरून लगेच सील करतात, पंचांच्या सह्यांची चिठ्ठी लावतात. उघड्यावर राहिलं तर हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने रंग फिका पडतो.

पण पावडर फक्त एवढंच सांगते की नोटांना हात लागला. मागितलं कुणी, हे माणसालाच सांगावं लागतं. 2018 च्या दुरुस्तीने लाच देणं हाही स्वतंत्र गुन्हा झाला. ज्याला नाइलाजाने द्यावी लागली, त्याने सात दिवसांत कळवलं तर तो सुटतो, आणि आधी कळवून सापळ्यात पैसे देणारा गुन्हेगार नव्हेच. डिसेंबर 2022 मध्ये घटनापीठाने नीरज दत्ता खटल्यात सांगितलं की तक्रारदार मरण पावला किंवा फितूर झाला, तरी इतर पुराव्यांवरून मागणी सिद्ध करता येते. मागणी सिद्ध व्हायला मात्र हवीच.

म्हणून या सगळ्या यंत्रणेत माझं लक्ष त्या तक्रारदाराकडेच राहतं. 1064 वर फोन करतो, नाहीतर अकलूजहून सोलापूरची एसटी धरतो, शंभरावर किलोमीटर. नोटा बहुतेक वेळा त्याच्याच असतात, उसाच्या बिलातल्या किंवा उसनवारीच्या, आणि पथकातला माणूस त्यांचे नंबर लिहून घेत असताना तो समोर बसून ऐकत असतो.