चुनेगच्ची

चुनेगच्ची वाडा, चुनेगच्ची विहीर हे शब्द आपण अजून सहज बोलून जातो. त्यातला चुना संस्कृत चूर्णापासून आलेला. गच फारसीतला, म्हणजे भिंतीला द्यायचा लेप. त्याच गचावरून आपली गच्ची झाली. मी कविता लिहिणारा माणूस, बांधकामाचे शिक्षण घेतलेले नाही. गवंडीकामाकडे मी वळलो तो शब्दांमागे जाता जाता. गिलावा फारसी, पाया फारसी, काटकोन तपासायचा गुण्याही फारसी. दोन दगडांमधला सांधा म्हणजे दर्ज. शिवण घालणारा दर्जी त्याच कुळातला. मेस्त्री आला पोर्तुगीजांबरोबर, ओळंबा संस्कृतातून. एका भिंतीत इतक्या भाषा गुण्यागोविंदाने नांदतात!

पण शब्द उरले आणि वस्तू गेली. जुन्या भिंतीला ओल आली, पोपडे सुटले, की आपण दुकानातून सिमेंटची गोणी आणतो, वाळूत कालवतो आणि भिंतीवर थापतो. दोन पावसाळे भिंत छान दिसते. मग ओल आणखी हातभर वर चढलेली असते. पुन्हा सिमेंट. जुनी घरे पडतात ती वयाने, असे आपण समजतो. त्यातली कितीतरी दुरुस्तीने पडतात.

चुन्याचे गणित सोपे आहे. चुनखडी सुमारे ९०० अंश सेल्सियसला भाजली की कळीचा चुना होतो. तो पाण्यात विझवला की लोणी. ते लोणी वाळूत कालवून भिंतीत भरले की हवेतला कर्बवायू शोषत ते हळूहळू पुन्हा चुनखडी होते. दगडाचा दगड, मधे फक्त माणसाने हवा तसा आकार देऊन घेतला. ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकातला रोमन लेखक व्हिट्रुव्हियस याने प्रमाणे लिहून ठेवली आहेत: खाणीची वाळू असेल तर एकास तीन, नदीची असेल तर एकास दोन, आणि तिच्यात फुटक्या खापऱ्यांची पूड मिसळली तर अधिक चांगले. ही खापऱ्यांची पूड म्हणजे आपल्याकडची विटांची सुरखी. सुर्ख म्हणजे लाल, शब्द पुन्हा फारसीच. प्लिनी सांगतो, की विझवून तीन वर्षे न झालेला चुना वापरायला रोमच्या जुन्या कायद्यात बंदी होती. आज तीन दिवस थांबायला कोणी तयार नसते.

दख्खनचा खडक काळा. त्यात चुना नाही. इथला चुना आला नदीनाल्यांच्या काठी आणि काळ्या मातीत सापडणाऱ्या चुनखडीच्या खड्यांतून, कोकणात आणि गोव्यात समुद्राच्या शिंपल्यांतून. लोणारी समाजाच्या पिढ्या या भट्ट्यांवर गेल्या. मुंबईत लोकलने जाताना चुनाभट्टी स्टेशन लागते, ते नाव याच धंद्याचे. लोहगडावर गेलात तर चुन्याची घाणी पाहा: दगडी गोल चर आणि त्यात फिरणारे दगडी चाक. बैल जुंपून माल तासन्‌तास मळायचा. त्यात गूळ, बेलफळाचा गर, हिरड्याचे पाणी, उडदाचे पीठ, ज्या गावी जे मिळेल ते पडायचे. कुठे किती, हे त्या त्या घराण्याचे गुपित. विजापूरच्या गोलघुमटाचा घुमट पाहताना मला आदिलशाहीचा दरबार आठवत नाही, माल मळणारे ते बैल आठवतात. विटांचे आडवे थर आणि मधे चुन्याचे जाड थर, त्यावर तो १६५६ च्या सुमारापासून उभा आहे.

मग सिमेंट आले कुठून? इंग्लंडच्या किनाऱ्यापासून दूर, एडिस्टनच्या खडकावर दीपगृह बांधायचे काम १७५६ मध्ये जॉन स्मीटन या अभियंत्याकडे आले. तिथे भरतीचे पाणी चुना सुकू देईना. प्रयोग करताना त्याला कळले, की ज्या चुनखडीत चिकणमातीचा अंश असतो तिचा चुना पाण्यातही घट्ट होतो. मनोरा १७५९ मध्ये पुरा झाला. सव्वाशे वर्षांनी तो उतरवावा लागला, कारण खालचा खडकच झिजला होता. मनोरा धड होता. स्मीटनच्या शोधाचा धागा पुढे अनेकांनी ओढला आणि १८२४ मध्ये लीड्सच्या जोसेफ ॲस्पडिन या गवंड्याने पोर्टलँड सिमेंटचे पेटंट घेतले. आपल्याकडे पोरबंदरच्या कारखान्यातून १९१४ मध्ये सिमेंट निघू लागले. मुंबईतच हा सांधा दिसतो. १८८८ मध्ये पुरे झालेले व्हिक्टोरिया टर्मिनस, म्हणजे आजचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, चुन्याच्या जमान्यातले; १९२४ चे गेटवे ऑफ इंडिया दगडाचे आणि काँक्रीटचे.

तरी खेड्यापाड्यांत चुना बराच काळ टिकला. सिमेंटवर सरकारी नियंत्रण होते. १९८२ मध्ये ते थोडे सैल झाले, १९८९ मध्ये उठले. माझ्या लहानपणी परमिटवर मिळालेली सिमेंटची गोणी लोक घरात पलंगाखाली ठेवत. दुर्मीळ वस्तूला जी प्रतिष्ठा येते ती सिमेंटला आली, आणि चुना गरिबाचा ठरला.

त्यावर शिक्का बसला ३० सप्टेंबर १९९३ ला. किल्लारीच्या भूकंपात आठ हजारांच्या आसपास माणसे गेली, बहुतेक आपल्याच घरांच्या दगडांखाली. त्या रात्रीनंतर दगडी भिंतीची धास्ती मनात बसली, आणि ती समजण्यासारखी आहे. पण ती घरे चुनेगच्ची नव्हती. जाड भिंती गोल दगडांच्या, सांध्यात माती, माथ्यावर मातीच्या धाब्याचे ओझे, आणि भिंतीची आतली-बाहेरची अंगे एकमेकांना जोडणारे लांब दगड जवळजवळ नाहीतच. म्हणून नंतरच्या दुरुस्तीत भिंतीला आरपार भोके पाडून, त्यांत सळई आणि काँक्रीट भरून दोन्ही अंगे जोडण्याची पद्धत शिकवली गेली. तिथे काँक्रीटच हवे होते. माझे भांडण सिमेंटशी नाही, ते चुकीच्या जागी थापण्याशी आहे.

चुन्याची भिंत ओल घेते आणि सोडते. सिमेंटचा थर तिचे तोंड बंद करतो. जमिनीतून चढलेले पाणी बाहेर पडू शकत नाही, वर वर सरकते. पाण्यातले क्षार विटेत साठतात, तिला लोणा लागतो आणि वीट पिठासारखी झडते. शिवाय सिमेंट कडक, वीट मऊ. भिंत जरा हलली की तडा सांध्यात न पडता विटेत पडतो.

तेव्हा थापी उचलण्याआधी सुरीच्या टोकाने जुना सांधा खरवडून पाहा. पांढरट भुकटी सुटली तर चुना, पाण्यात विरघळून गाळ झाला तर माती, सुरीच घसरली तर सिमेंट. मग पाणी कुठून येते ते शोधा: फुटलेले कौल, गळका नळ, भिंतीला टेकून साठलेला मातीचा ढीग. हे न थांबवता केलेले काम फुकट. सिमेंटचा गिलावा ठोकून पाहा. पोकळ वाजेल तेवढाच हलक्या हाताने काढा. जिथे तो घट्ट आहे तिथे छिन्नी मारली, तर विटेची कातडी त्याच्याबरोबर येते. भिंत काही आठवडे उघडी ठेवून सुकू द्या.

कळीचा चुना घरी विझवण्याच्या भानगडीत नवख्याने पडू नये. तो उकळतो, उडतो, डोळा घालवतो. विझवलेल्या चुन्याची भुकटी, जिला फक्की म्हणतात, ती गोणीत मिळते. ती निदान एक दिवस, जमल्यास जास्त, पाण्यात बुडवून ठेवा. चष्मा आणि हातमोजे तिलाही लागतातच. डोळ्यात गेलाच, तर वीस मिनिटे स्वच्छ पाण्याने डोळा धूत राहा आणि लगेच डॉक्टर गाठा. एक घमेले चुना, तीन घमेली धुतलेली वाळू. ओलीची जागा असेल तर त्यातल्या एका घमेल्याऐवजी सुरखी. पाणी कमीत कमी. दर्जा इंचभर खोल हाताने मोकळ्या करा, झाडा, भिंत भिजवा, माल दाबून भरा. गिलावा एका वेळी अर्ध्या इंचाहून जाड नको. भर पावसात आणि वैशाखाच्या उन्हात हे काम करू नये. दसऱ्यानंतरचे दिवस चांगले. काम झाल्यावर आठवडाभर ओले गोणपाट लावून ठेवा.

वरून सफेती. आमच्याकडे रमजानच्या आधी, शेजारी दिवाळीच्या आधी, दरवर्षी कुंचला फिरायचा. आम्हाला तो सणाचा थाट वाटे. आमच्या मोहल्ल्यातले एक वृद्ध गवंडीचाचा त्याला भिंतीचं औषधपाणी म्हणत, आणि ते अक्षरशः खरे आहे: त्या पातळ चुन्याने बारीक तडे दरसाल भरून निघत. ऑइलपेंट किंवा प्लॅस्टिकचा रंग लावलात, तर वरचा सगळा खटाटोप वाया.

भिंत पोटातून फुगली असेल किंवा तिरका तडा वाढतोय असे वाटत असेल, तर मात्र हे घरगुती काम नव्हे. तड्यावर आडवी, काचेची अरुंद पट्टी दोन्ही टोकांना घट्ट चिकटवा आणि शेजारी तारीख लिहा. काच तडकली तर भिंत हलते आहे. माल कालवू नका, अभियंत्याला बोलवा.