परळ, बोस्टन, मेम्फिस : रक्ताच्या कर्करोगावरील चाचण्यांची कहाणी

‘प्रयोग’ हा शब्द आपण मराठी माणसे दोन तऱ्हांनी ऐकतो. गणेशोत्सवात नाटकाचा प्रयोग आहे म्हटले की आपण जेवणे आटोपून वेळेआधी जागा धरतो. पण हॉस्पिटलात डॉक्टरांनी तोच शब्द नुसता सूचित केला, एखादा कागद पुढे करून ‘क्लिनिकल ट्रायल’ असे म्हटले, तरी आपल्या पोटात गोळा येतो. ‘म्हणजे आमच्या मुलावर प्रयोग करणार का?’ हा प्रश्न घरोघरी असाच्या असा विचारला जातो. आम्हा इंदूरकरांना तर तो विचारायला अधिकच कारण आहे. पंधरा वर्षांपूर्वी आपल्याच शहरात रुग्णांना पुरती कल्पना न देता औषधांच्या चाचण्या झाल्याच्या तक्रारी उठल्या. इथल्याच स्वास्थ्य अधिकार मंचाने २०१२ साली सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली आणि त्यातून देशभरचे नियम कडक झाले. ती भीती खोटी होती असे आम्ही म्हणणार नाही. पण ज्या आजाराच्या नावाने आपण सर्वांत जास्त घाबरतो, त्या रक्ताच्या कर्करोगातून आज मुले बरी होऊन शाळेत जातात, ती कशाच्या जोरावर, हे पाहू लागलो की वाट पुन्हा याच शब्दापाशी येते.

या कहाणीची सुरुवात आपल्या ओळखीच्या जागी, मुंबईच्या परळला होते. १९२८ साली लूसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टरीण हाफकिन संस्थेत आली. गिरण्यांत काम करणाऱ्या गरीब बायका बाळंतपणाच्या काळात एका विचित्र पंडुरोगाने पांढऱ्याफटक पडत आणि दगावत. विल्सबाईंनी प्रयोगशाळेत माकडांवर काम केले, आणि या बायका खातात काय, राहतात कशा याचीही पाहणी केली. त्या पाहणीच्या निबंधावर त्यांच्याबरोबर तळपदे हे आपल्याकडचे आडनाव सहलेखक म्हणून आहे. ताज्या भाज्या-फळांचा अभाव हे कारण त्यांच्या ध्यानात येऊ लागले. उपाय सापडला तो मार्माइट नावाच्या, यीस्टपासून केलेल्या काळ्या खारट चाटणात! स्वस्तातले हे चाटण दिल्यावर बायकांचे रक्त भराभर सुधारू लागले. १९३१ साली त्यांनी हे प्रसिद्ध केले. चाटणात नेमके काय आहे हे कोणालाच ठाऊक नव्हते, म्हणून त्या अज्ञात द्रव्याला ‘विल्स फॅक्टर’ असे नाव पडले. पुढे १९४१ मध्ये अमेरिकेत टेक्सासच्या शास्त्रज्ञांनी ढिगाने पालक आणून त्याच्या पानांतून ते द्रव्य वेगळे काढले आणि पान या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्याला फोलिक आम्ल म्हटले. आज गरोदर बाईला डॉक्टर ज्या गोळ्या देतात, त्यांतले हेच.

हे आम्ल कारखान्यात तयार करण्याचे काम ज्यांच्या हाताखाली झाले ते येल्लाप्रगडा सुब्बाराव आंध्रातल्या भीमावरमचे. मद्रासला वैद्यकी शिकताना गांधीजींच्या हाकेला ओ देऊन खादी घातली आणि इंग्रज प्राध्यापकाची मर्जी गेली, म्हणून त्यांना पूर्ण पदवीऐवजी खालच्या दर्जाचे प्रमाणपत्र मिळाले. संग्रहणीने भाऊ गमावला होता, त्याची सल मनात होती. अमेरिकेत हार्वर्डला मोठे काम करूनही कायमची जागा मिळाली नाही, तेव्हा १९४० मध्ये ते लेडर्ली या औषध कंपनीत गेले. तिथे त्यांच्या चमूने १९४५ च्या सुमारास फोलिक आम्ल तयार केले, आणि मग त्याच्यासारखीच दिसणारी पण उलटे काम करणारी द्रव्येही. त्यांच्याविषयी लिहायला वेगळा लेख हवा. आपल्याकडे या माणसाचे नाव फार कमी ठाऊक आहे.

आता बोस्टन. तिथल्या मुलांच्या रुग्णालयात सिडनी फार्बर हे विकृतिशास्त्रज्ञ होते, म्हणजे मुख्यतः मृत्यूनंतरची तपासणी करणारे. ल्युकेमियात अस्थिमज्जेत अपक्व पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात आणि चांगल्या रक्ताला जागाच उरत नाही. निदान झालेली मुले बहुधा काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत जात. फार्बरना वाटले, पंडुरोगात फोलिक आम्लाने मज्जा सुधारते, तर इथेही सुधारेल. त्यांनी लेडर्लीकडून आलेली फोलिक आम्लाची संयुगे मुलांना दिली. झाले उलटेच. रोग अधिक वेगाने वाढला.

या ठिकाणी आम्हाला थांबावेसे वाटते, कारण ‘प्रयोग’ शब्दाची आपली भीती इथे खरी ठरते. चांगल्या हेतूने, चांगल्या तर्काने दिलेल्या औषधाने मुलांचे नुकसान झाले. आजच्यासारखे लेखी संमतिपत्र तेव्हा नव्हते. रुग्णालयातल्या सहकाऱ्यांनीही नाराजी दाखवली. या मुलांना शांतपणे जाऊ द्यावे असे म्हणणारे बरेच होते. फार्बरनी मात्र जे घडले ते झाकले नाही, त्याचाच अर्थ लावला : फोलिक आम्लाने रोग वाढतो, तर ते अडवणाऱ्या द्रव्याने तो थांबला पाहिजे. सुब्बारावांच्या प्रयोगशाळेतून ॲमिनोप्टेरिन आले. १९४७ च्या अखेरीस ते द्यायला सुरुवात झाली आणि जून १९४८ मध्ये निबंध छापून आला. सोळा मुलांपैकी दहांना उतार पडला होता. कोणी पुन्हा खेळू लागले, सुजलेली प्लीहा ओसरली, रक्ताचा अहवाल जवळपास नेहमीसारखा झाला. पण काही महिन्यांनी रोग परत येई. निबंधाच्या मथळ्यातच फार्बरनी ‘तात्पुरता’ हा शब्द घातला होता. अशा यशाच्या क्षणी तो शब्द घालायला मोठा प्रामाणिकपणा लागतो असे आमचे मत आहे. सुब्बाराव त्याच वर्षी ऑगस्टमध्ये वारले. त्यांच्या द्रव्याचे भावंड मेथोट्रेक्सेट आजही या मुलांच्या औषधांत आहे.

त्याच १९४८ सालात लंडनमध्ये क्षयरोगावरच्या स्ट्रेप्टोमायसिनची चाचणी प्रसिद्ध झाली. औषध कमी, रोगी पुष्कळ. मग ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल या संख्याशास्त्रज्ञाने कोणाला औषध आणि कोणाला नुसती विश्रांती हे बंद पाकिटांतल्या चिठ्ठ्यांवर सोपवले, म्हणजे डॉक्टरांच्या मर्जीला वाव राहिला नाही. चिठ्ठीवर माणसाचे औषध ठरवायचे हे ऐकायला क्रूर वाटते. पण डॉक्टर कळत-नकळत बऱ्या प्रकृतीच्या रोग्याला नवे औषध देतो, आणि मग औषध गुणकारी की रोगीच तगडा, हे कधी कळत नाही.

ही रीत ल्युकेमियाच्या मुलांपर्यंत पोचली ती पन्नासच्या दशकात. तोवर गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज यांनी ६-मर्कॅप्टोप्युरिन शोधले होते. एकेका रुग्णालयात अशी मुले थोडी, म्हणून अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतल्या एमिल फ्राय, एमिल फ्रायराइख आणि बफेलोच्या जेम्स हॉलंड यांनी अनेक रुग्णालये एकत्र आणली. सर्वांनी एकाच लेखी योजनेप्रमाणे औषध द्यायचे आणि एकाच पद्धतीने नोंदी ठेवायच्या, असे ठरले. त्यांची १९६३ साली प्रसिद्ध झालेली एक चाचणी सांगण्याजोगी आहे. स्टिरॉइडने उतार पडलेल्या ४२ रुग्णांच्या, बहुतेक मुलांच्या, २१ जोड्या केल्या. जोडीतल्या एकाला ६-मर्कॅप्टोप्युरिन, दुसऱ्याला दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी. रोग उलटला की दुसऱ्यालाही खरे औषध. प्रत्येक जोडीचा निकाल लागेल तसा मांडत जायचे आणि फरक स्पष्ट दिसला की चाचणी थांबवायची, असे आधीच ठरलेले. एकवीसपैकी अठरा जोड्यांत औषधाची बाजू सरस निघाली आणि चाचणी थांबली.

औषध नसलेल्या गोळीवरच्या मुलांचा रोग सर्वसाधारणपणे आठ आठवड्यांत उलटला, औषधावरच्यांचा उतार त्याच्या जवळजवळ तिप्पट टिकला. त्या ४२ जणांची नावे आपल्याला माहीत नाहीत. पण त्यांचे आठवडे, सहा, दहा, तेवीस असे, जगभरच्या संख्याशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत छापलेले आहेत आणि विद्यार्थी आजही त्यावर गणिते सोडवतात. रोग दिसेनासा झाला तरी औषध चालू ठेवायचे, हा आजच्या उपचाराचा कणा याच आकड्यांनी बळकट केला. आपल्या ओळखीच्या मुलाला दोन-अडीच वर्षे गोळ्या का घ्याव्या लागतात, याचे उत्तर इथे आहे.

पुढची पायरी अनेक औषधे एकदम देण्याची. त्यांतले व्हिन्क्रिस्टिन हे आपल्या परसातल्या, पूजेच्या तबकातल्या सदाफुलीपासून मिळते. (पाने चावून ते मिळत नाही, हे आवर्जून सांगितले पाहिजे, चिमूटभर औषधासाठी शेकडो किलो वाळकी पाने लागतात, आणि ते झाड तसे विषारी आहे.) १९६२ च्या सुमारास फ्राय आणि फ्रायराइख यांनी चार औषधे एकत्र दिली. रक्त स्वच्छ झाले, आणि मग काही मुले डोकेदुखी, उलट्या घेऊन परत आली : औषध न पोचणाऱ्या मेंदूच्या आवरणात रोग दडून राहिला होता. त्याच वर्षी मेम्फिसला सेंट ज्यूड रुग्णालय उघडले. गोऱ्या-काळ्यांची रुग्णालये वेगळी असण्याच्या त्या काळात, त्या प्रांतात, तिथे सर्व मुलांना एकाच वॉर्डात घेत. तिथल्या डोनाल्ड पिंकेल यांनी एकामागून एक योजना आखल्या, आधीच्या योजनेत काय फसले ते पाहून पुढची. १९६७ साली सुरू झालेल्या पाचव्या योजनेत मेंदूला किरणोपचार आणि पाठीच्या कण्यातून मेथोट्रेक्सेट होते. त्यातली जवळपास निम्मी मुले कायमची बरी झाली. सुरुवातीला हेच प्रमाण शंभरात चार होते. पुढे किरणांनी मुलांच्या बुद्धीवर आणि वाढीवर परिणाम होतो असे दिसले, तेव्हा किरण कमी केले आणि बऱ्याच मुलांसाठी काढूनच टाकले. तेही चाचण्यांतूनच ठरले.

आणि आपल्याकडे? सत्तरच्या दशकात आपल्या मोठ्या कर्करोग केंद्रांतही शंभरातली वीससुद्धा मुले रोगमुक्त राहत नसत. परदेशी योजना जशीच्या तशी उचलली तर महाग पडे, आणि जंतुसंसर्गाने मुले रोगाआधी औषधानेच जायची भीती. १९८४ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय संस्थेतले इयन मॅग्राथ, मुंबईच्या टाटा हॉस्पिटलातले डॉ. सुरेश अडवाणी, मद्रासच्या कॅन्सर इन्स्टिट्यूटच्या डॉ. व्ही. शांता आणि दिल्लीचे एम्स यांनी मिळून इथे झेपेल अशी योजना सुरू केली. तिचे नाव एमसीपी ८४१. तिन्ही ठिकाणी एकच योजना, एकाच तऱ्हेच्या नोंदी. चार वर्षांनंतरही रोगमुक्त असलेल्यांचे प्रमाण विसाच्या खालून ४५ ते ६० टक्क्यांवर गेले. १९९० ते १९९७ या काळातल्या १,०४८ रुग्णांचा हिशेब पुढे प्रसिद्ध झाला, त्यात उणेही लपवलेले नाही : आपल्याकडची मुले उशिरा, रोग पसरल्यावर येतात आणि उपचाराच्या त्रासाने दगावण्याचे प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा जास्त आहे. हे आकड्यांत दिसले म्हणूनच ताप आल्याबरोबर काय करायचे, स्वच्छता, रक्तपुरवठा, पोषण, राहण्याची सोय यांकडे लक्ष गेले. इंदूरहून अवंतिकाने निघून दादरला गाडगेबाबांच्या धर्मशाळेत महिनेच्या महिने काढलेल्या कुटुंबांना, ही सोय औषधाइतकीच का मोलाची, हे सांगायला नको. टाटा हॉस्पिटल परळलाच आहे, विल्सबाईंच्या हाफकिन संस्थेपासून पायी जाण्याच्या अंतरावर.

ताजी गोष्ट आहे ती रोग्याच्याच पांढऱ्या पेशी काढून, त्यांना कर्करोगाच्या पेशी ओळखायला शिकवून परत देण्याची. आयआयटी मुंबईचे प्रा. राहुल पुरवार आणि टाटाचे डॉ. गौरव नरूला, डॉ. हसमुख जैन यांनी ही कार-टी पद्धत देशात घडवली. जून २०२१ मध्ये खारघरच्या केंद्रात पहिल्या रुग्णाला ती दिली गेली, साठाहून अधिक रुग्णांवरच्या चाचण्यांनंतर ऑक्टोबर २०२३ मध्ये तिला सरकारी मान्यता मिळाली. किंमत परदेशातल्या उपचाराच्या साधारण दशांश. तीही सामान्य घराला जडच.

संमतीचे आजचे नियम थोडक्यात सांगतो, कारण प्रश्न विचारायला ते उपयोगी पडतात. २००९ पासून देशातली प्रत्येक औषधचाचणी सुरू होण्यापूर्वी सरकारी नोंदवहीत नोंदवावी लागते, आणि ती इंटरनेटवर कोणालाही फुकट पाहता येते : चाचणी कशाची, कुठे, नैतिक समितीची मान्यता आहे का, जबाबदार डॉक्टर कोण. माहितीपत्रक रुग्णाला समजेल त्या भाषेत असले पाहिजे. मराठीत किंवा हिंदीत मागावे, घरी आणून वाचावे. नाही म्हटले तरी नेहमीचा उपचार चालू राहतो, आणि हो म्हटल्यावरही मधून बाहेर पडता येते. आपल्या मुलाला कोणता गट मिळेल हे चिठ्ठीने ठरणार आहे का, तुलना कशाशी आहे, आणि इजा झाली तर उपचाराचा खर्च व भरपाई कोणाकडे, हे तीन प्रश्न सही करण्यापूर्वी विचारावेत. उत्तरे त्या पत्रकातच लिहिलेली असावी लागतात.