‘निळी दाढी’ : सुटका कोण करते?

बायकांचे खून नवऱ्याने केलेले असूनही शार्ल पेरोच्या १६९७च्या कथेचे पहिले तात्पर्य ठपका ठेवते तो मनाई केलेली खोली उघडणाऱ्या बायकांच्या कुतूहलावर. अँजेला कार्टरने १९७७मध्ये पेरोच्या कथा इंग्रजीत आणल्या आणि १९७९च्या ‘द ब्लडी चेंबर’मध्ये हीच हकीकत नववधूच्या तोंडी दिली. पेरोकडे ऐनवेळी भाऊ धावून येतात; इथे घोडा फेकत आई येते आणि दिवंगत नवऱ्याच्या रिव्हॉल्व्हरने जावयाला गोळी घालते. नायिकेची सुटका तरीही दुसऱ्यानेच केली, मग बदलले काय, हा आक्षेप वजनदार आहे. पण पेरोकडे आई लग्न जुळेपर्यंतच दिसते, पुढे तिचा उल्लेखही नाही. ती गाळलेली जागा कार्टरने भरली. शिवाय ही नायिका, ऐश्वर्याची आपल्यालाही भूल पडली होती, हे लपवत नाही. त्या खोलीच्या रक्ताळलेल्या किल्लीने कपाळावर उमटलेल्या लाल डागाची तिला अखेरपर्यंत लाज वाटते.