ओवीचे तीन वर्गांक

ग्रंथालयातील वर्गांक ही पुस्तक चटकन हाती लागावे एवढ्यापुरती केलेली सोय आहे, असे साहित्याचे अभ्यासक सहसा गृहीत धरतात. वस्तुतः समीक्षकाने ग्रंथ उघडण्यापूर्वीच तो ‘साहित्य’ आहे की नाही, याचा एक निर्णय वर्गीकरणाने दिलेला असतो. मराठी ओवीच्या वाट्याला आलेले वर्गांक या दृष्टीने तपासण्याजोगे आहेत.

मेल्विल ड्यूई यांनी १८७६ साली प्रसिद्ध केलेल्या दशांश वर्गीकरणात वाङ्मयाची विभागणी आधी भाषेनुसार व मग प्रकारानुसार होते. या पद्धतीत मराठी काव्याचा अंक ८९१.४६१. एकनाथांचे ‘रुक्मिणीस्वयंवर’ आख्यानकाव्य म्हणून तेथे सहज सामावते. ‘ज्ञानेश्वरी’ मात्र गीतेवरील टीका मानली, की २९४.५९२४ या अंकाने धर्माच्या कपाटात जाते. जात्यावरच्या ओव्यांना लोकसाहित्य म्हणून ३९८ हा अंक मिळतो. म्हणजे त्या सामाजिक शास्त्रांत, चालीरीतींच्या शेजारी येतात. छंद एक, दालने तीन.

यांपैकी तिसऱ्या दालनामागील निकष काव्यगुणाचा नाही, कर्तृत्वाचा आहे. बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) निरक्षर होत्या. त्यांच्या ओव्या घरच्यांनी लिहून ठेवल्या आणि १९५२ साली ‘बहिणाबाईंची गाणी’ प्रसिद्ध झाली. नाव लाभल्यामुळे ती मराठी काव्यात गणली गेली. त्याच परंपरेतील निनावी बायांची रचना मात्र समाजशास्त्रीय सामग्री ठरते.

शियाळी रामामृत रंगनाथन यांच्या १९३३ च्या द्विबिंदू वर्गीकरणाने दहा ठरीव वर्गांची चौकट मोडली. तेथे साहित्यकृतीचा अंक भाषा, प्रकार आणि कर्त्याचे जन्मवर्ष यांच्या जोडणीतून सिद्ध होतो. परंतु ज्ञानेश्वरांचा जन्म शके ११९३ चा की ११९७ चा, हा वाद अभ्यासक खुला ठेवू शकतात. वर्गांक देणाऱ्याला तो मिटवावाच लागतो. आणि जिचे नावच उरले नाही, तिचे जन्मवर्ष कोठून आणायचे?

फडताळावर पुस्तकाला एकच जागा असते. तालिकेत तसे बंधन नाही. एका ग्रंथाला अनेक विषयशीर्षके देता येतात, ‘हेही पाहा’ असा निर्देश करता येतो. ओव्यांच्या संग्रहाला ‘लोकसाहित्य’ या शीर्षकासोबत ‘मराठी काव्य’ हेही शीर्षक देणे तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. ते दिले जात नाही तेव्हा उणीव पद्धतीची नसून वाङ्मयीन धारणेची असते. ती धारणा घडवणारे आपले वाङ्मयेतिहासच आहेत. मध्ययुगीन काव्याचा अभ्यास ८९१.४६१ च्या कपाटापाशी थांबवणारा संशोधक ज्ञात कर्त्यांचा इतिहास लिहील. तो ओवीचा इतिहास मात्र असणार नाही.