मुख्याध्यापकाची खुर्ची आणि नेतृत्वाचे शिक्षण

मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख, गटशिक्षणाधिकारी यांच्या अंगी नेतृत्वगुण कसे आणावेत, याची चर्चा शिक्षणखात्यात आता नित्याची झाली आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय शैक्षणिक नियोजन व प्रशासन विद्यापीठात २०१२ साली शालेय नेतृत्वासाठी स्वतंत्र केंद्र निघाले. संवादकौशल्य, वेळेचे नियोजन, सहकाऱ्यांना बरोबर घेणे, हे सारे शिकवले जाते. ते नको असे कोण म्हणेल? पण एक प्रश्न या चर्चेत सहसा येत नाही. ज्या खुर्चीवर बसून नेतृत्व करायचे, ती खुर्ची आजवर कोणाला मिळाली आणि तिला अधिकार किती होता?

हा प्रश्न नवा नाही. १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन देताना जोतीराव फुल्यांनी तो मांडला होता. प्राथमिक शाळांचे शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून यावेत, ते लोकांत मिसळणारे, नांगराला हात लावण्याची लाज न बाळगणारे असावेत, अशी त्यांची मागणी होती. शिक्षकाचे कौशल्य आणि त्याचा समाज या दोन गोष्टी जोतीरावांनी वेगळ्या काढल्या नाहीत. आपल्या प्रशिक्षणांनी नेमक्या त्याच वेगळ्या केल्या.

परभणी जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. सरकारी शाळेच्या वरच्या वर्गांत उर्दू, मुख्याध्यापकाला म्हणायचे सदर मुदर्रिस. मराठी बोलणाऱ्या मुलाला वरचे शिक्षण परक्या भाषेत घ्यावे लागे, आणि अस्पृश्य मुलाची गाठ मुळात शाळेच्या उंबरठ्याशीच होती. याला उत्तर म्हणून मराठवाड्यात खाजगी राष्ट्रीय शाळा निघाल्या. हिप्परगा आणि अंबाजोगाई येथे मुख्याध्यापक राहिलेले स्वामी रामानंद तीर्थ पुढे हैदराबाद स्टेट काँग्रेसचे नेते झाले. मुख्याध्यापकाच्या खुर्चीतून राज्य हलवणारा नेता घडू शकतो, याचा हा पुरावा आहे. त्यासाठी कोणते प्रशिक्षण लागले नव्हते. लागली होती ती चळवळ, आणि खुर्चीपर्यंत पोहोचण्याची सोय. ही सोय ज्या समाजांना होती त्यांचेच नेते तिथे घडले.

आपली सोय उशिरा झाली. १९५० साली बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादला महाविद्यालय काढले, तेच पुढे मिलिंद. मराठवाड्याच्या खेड्यांतली मुले तिथल्या वसतिगृहांत राहिली आणि गावी परतली ती शिक्षक होऊन. सभा कशी चालवावी, ठराव कसा लिहावा, साहेबाशी मान वर करून कसे बोलावे, हे त्यांना वसतिगृहाने आणि जयंतीच्या मांडवाने शिकवले. नेतृत्वविकासाच्या कोणत्याही हस्तपुस्तिकेत मी अजून जयंती समितीचा उल्लेख वाचलेला नाही.

मात्र ही मुले शिक्षक झाली त्याच काळात शाळांचा कारभार दुसरीकडे गेला. १९६१ च्या कायद्यानुसार १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा आल्या आणि प्राथमिक शाळा त्यांच्याकडे आल्या. सत्तेचे विकेंद्रीकरण म्हणून त्याचे स्वागत झाले, ते काही अंशी रास्तही होते. पण खेडे म्हणजे काय, हे बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत स्पष्ट सांगितले होते. सत्ता खेड्यात उतरली ती गावच्या वाड्यात उतरली. शिक्षकाची बदली हे त्या वाड्याच्या हातातले हत्यार झाले. ज्या गावात दलित शिक्षकाला भाड्याने खोली मिळत नाही, त्याच गावात मुख्यालयी राहत नाही म्हणून त्याच्यावर ठपका ठेवता येई. अशा माणसाकडून कोणते नेतृत्व अपेक्षित होते? २०१७ च्या शासन निर्णयाने बदल्या संगणकावर गेल्या. त्या पद्धतीविषयी तक्रारी पुष्कळ आहेत, पण वाड्यावर हेलपाटे घालण्यापेक्षा यंत्र बरे, असे म्हणणारे शिक्षक आपल्यातच अधिक भेटतात.

१९९४ साली जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रम आला. महाराष्ट्रातल्या पहिल्या टप्प्याच्या जिल्ह्यांत परभणी होता. हिंगोली तेव्हा त्यातच होती, ती १ मे १९९९ रोजी वेगळी झाली. गट साधन केंद्रे उभी राहिली. केंद्रप्रमुख हे पदही त्याच वर्षीचे. कल्पना उत्तम होती: दहा-बारा शाळांमागे एक अनुभवी माणूस, तपासणीपेक्षा मदतीसाठी. पुढे पदे रिकामी राहू लागली, कारभार 'प्रभारी' माणसावर आला. स्वतःचा वर्ग सांभाळून माहितीचे तक्ते पुढे पाठवणारा प्रभारी नेतृत्व कधी करणार?

आणि आता पदोन्नती. राज्याने २००४ मध्ये दिलेले पदोन्नतीतील आरक्षण मुंबई उच्च न्यायालयाने २०१७ साली रद्द ठरवले. ७ मे २०२१ च्या शासन निर्णयाने पदोन्नतीची पदे सेवाज्येष्ठतेने भरण्याचे ठरले. ज्येष्ठता ही दिसायला निःपक्षपाती गोष्ट आहे. पण ज्यांच्या पिढ्या उशिरा शाळेत आल्या त्यांची ज्येष्ठताही उशिराच सुरू होते, हे कोणत्या तक्त्यात मांडायचे?

नेतृत्वाची कसोटी कुठे लागते ते आपल्या जिल्ह्यात दिवाळीच्या सुमारास दिसते. गंगाखेड, पालम, सोनपेठ, जिंतूरकडची कुटुंबे ऊसतोडीला निघतात. पोरे बैलगाडीत किंवा ट्रॅक्टरमध्ये चढली की शाळेचे वर्ष गेले. त्यांच्यासाठी हंगामी वसतिगृहाची योजना आहे: मूल आजीजवळ गावात राहते, जेवण शाळा व्यवस्थापन समितीमार्फत मिळते. कागदावर सोपे आहे. पण कोण जाणार, कोण राहणार याची यादी मुकादमाची उचल घेतलेल्या घरात बसून, आईबापांना समजावून करावी लागते. प्रस्ताव वेळेवर पाठवावा लागतो. मंजुरी येईपर्यंतचे किराणा दुकानाचे उधार कोणाच्या शब्दावर मिळते? मुख्याध्यापकाच्या. इथे त्याचे तांड्यावर आणि बौद्धवाड्यात येणे-जाणे असेल तरच काम होते. माझ्या वर्गात बसणाऱ्या काही मुली अशा एखाद्या मुख्याध्यापकामुळेच कॉलेजपर्यंत आल्या. पाचवी ते सातवीच्या अनुसूचित जातीच्या मुलींना पूर्वी दरमहा ६० रुपये देणारी सावित्रीबाई फुले शिष्यवृत्तीदेखील तशीच: रक्कम क्षुल्लक, पण प्रस्ताव गेला की नाही यावरून शाळेचा प्रमुख कोणाचा हे कळते.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक ठेवले, निम्म्या स्त्रिया ठेवल्या, वंचित गटांना प्रमाणात जागा दिल्या. मुख्याध्यापक तिचा सचिव. म्हणजे नेतृत्वाचे प्रशिक्षण द्यायचेच तर ते एकट्या सचिवाला देऊन भागणार नाही. समितीवरच्या ऊसतोड मजूर बाईलाही खर्चाची वही वाचता आली पाहिजे. ते वर्ग तालुक्याच्या सभागृहात न भरवता वस्तीतल्या समाजमंदिरात, संध्याकाळी, कामावरून माणसे परतल्यावर भरवावेत, आणि तेही कोयता बाहेर पडण्याआधी. ही मागणी आपल्या शिक्षक संघटनांनी जिल्हा परिषदेपुढे अजून लेखी ठेवायची आहे.